पाच आकड्यांची चाल

शाळेचं पत्र आलं तेव्हा मालाकाई फिनाऊ स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच डब्यातलं खारं गोमांस चमच्याने खात होता. पत्र वाचून झाल्यावर त्याने डबा खाली ठेवला. अर्धा भरलेला. त्याच्या बायकोने, ओफाने, तेवढ्यावरूनच ओळखलं की प्रकरण साधं नाही. एकवीस वर्षांच्या संसारात त्याने अर्धा डबा एकदाच खाली ठेवला होता, आणि तेव्हा भूकंप चालू होता.

पत्र मुलीबद्दल होतं. लाविनिया बारा वर्षांची. सिडनीच्या पश्चिम टोकाला जे परफॉर्मिंग आर्ट्स हायस्कूल आहे, तिथे समूहगायनाच्या वर्गात ती जानेवारीतच लागली होती. निवड झाली ती चार-चार मुलांना एकत्र गायला लावून, आणि फिनाऊ मंडळी मूळची पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरची; चार जणांत गायला सांगितलं तर टोंगन मूल झोपेतही गाईल. आता शिक्षिका मिस हार्टिगन लिहीत होत्या की लाविनियाचा आवाज सुरेख आहे, गटात ती उत्तम गाते, पण स्वरलिपी वाचत नाही. शेजारणीचं ऐकते आणि त्याला जोडून गाते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकेकट्याची परीक्षा आहे. कागदावरून, एकटीने, एक गाणं गाता आलं नाही तर तिला समूहगायनाच्या वर्गातून काढून साध्या वर्गात बसवावं लागेल.

"ऐकून गाते म्हणे!" मालाकाई म्हणाला. "मग काय हुंगून गायचं?"

लाविनिया दारात उभी होती. शाळेचा निळा कोट ती रोज स्वतः इस्त्री करायची. त्या दिवशीही तिने केली, फक्त इस्त्री बराच वेळ एकाच बाहीवर फिरत राहिली. तिला त्या वर्गात राहायचं होतं. इतकं साधं होतं ते, पण पुढच्या गोंधळात कुणालाच तेच आठवायला सवड मिळाली नाही.

मालाकाईचा अपमान मात्र ताबडतोब झाला. दिवसा तो कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत गोंगाटाच्या तक्रारींचं टेबल सांभाळायचा, पण हा झाला पोटाचा धंदा. खरा मालाकाई रविवारी दिसायचा. चर्चच्या गायकवृंदाचा तो तीस वर्षं मास्तर होता. त्याने हात वर केला की अकरा जण श्वास घ्यायचे, आणि हात खाली आला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. अशा माणसाच्या मुलीला गाणं वाचता येत नाही असं लिहून येणं म्हणजे हलवायाच्या पोराला साखर ओळखता येत नाही म्हणण्यापैकी होतं.

आता टोंगन लोक गाणं वाचत नाहीत असं मुळीच नाही. पण ते आकड्यांत वाचतात. तीन म्हणजे आपला सा, चार म्हणजे रे, पाच म्हणजे ग, असं चढत चढत नऊपर्यंत. एक आणि दोन का नाहीत, याचं उत्तर चर्चमधले तीन म्हातारे तीन तऱ्हेने देतात आणि एकमेकांशी दिवसभर बोलत नाहीत. मालाकाई फळ्यावर आकड्यांच्या चार ओळी लिहायचा, चार आवाजांसाठी चार, आणि वीस मिनिटांत अख्खं गाणं उभं राहायचं. पाच रेघांवर बसलेले ते गोऱ्या लोकांचे काळे बेडूकमासे त्याला वाचता येत नव्हते. तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानेही सांगितलं नव्हतं. याला खोटं म्हणत नाहीत. खोटं पुढच्या रविवारी झालं.

त्या रविवारी सिसिलिया आली. सिसिलिया म्हणजे मालाकाईची थोरली बहीण, लाविनियाची आत्या. टोंगन घरात आत्याच्या वर फक्त देव असतो, आणि तोसुद्धा निर्णय घेण्याआधी तिच्याकडे एकदा बघून घेत असावा. बापाचा शब्द घरात चालतो तो आत्या घरात नसेल तेव्हा. शिवाय भावाने बहिणीसमोर पाय पसरून बसू नये, थट्टा करू नये, शक्यतो त्याच खोलीत बसू नये. म्हणून सिसिलिया पुढच्या खोलीत कोचावर आणि मालाकाई स्वयंपाकघरात स्टुलावर, मध्ये उघडं दार, आणि दारात तारोच्या, म्हणजे अळूच्या जातीच्या, पानांचं ताट घेतलेली ओफा, अशी ती बैठक भरली.

"पत्र वाचलं," सिसिलिया म्हणाली. "माझी भाची नापास होणार नाही. ओफा, त्याला सांग."

"ऐकलं त्यांनी," ओफा म्हणाली. "तीन पावलांवर तर आहेत."

"त्याला विचार, ते रेघांचं लिखाण त्याला वाचता येतं का?"

ओफाने नवऱ्याकडे पाहिलं. मालाकाईने छताकडे पाहिलं.

"न यायला काय झालं, ताई?" तो म्हणाला.

"मग झालं तर. तूच शिकव. त्या बाईला कळू दे कुणाच्या पोरीला पत्र धाडलं ते."

परीक्षेचं गाणं तीन आठवडे आधी हातात मिळालं. झेरॉक्सचे दोन कागद. आधी कुठे ऐकायचं नाही, कुणाकडून वाजवून घ्यायचं नाही, कागदावरून आपापलं बसवायचं, असा नियम. शब्द साधेसुधे होते: दोरीवर पांढऱ्या चादरी वाळताहेत, वारा त्यांना फुगवतो आहे, ऊन कलायच्या आत कुणीतरी येऊन त्यांच्या घड्या करील. मालाकाईने कागद घेतला, चष्मा लावला, आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागायला सुरुवात केली. तेवढ्यात त्याला आकडे दिसले.

पियानोच्या ओळीवर, प्रत्येक बेडूकमाशाच्या डोक्यावर, कुणीतरी पेन्सिलीने बारीक आकडा लिहिला होता. तीन, पाच, चार, तीन, एक, दोन, तीन. मालाकाईने बोट ठेवत ठेवत मोजलं. शब्दाच्या एका तुकड्याला एक आकडा, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. त्याला गहिवरूनच आलं. म्हणजे शाळेत एक तरी जाणकार माणूस होतं, ज्याने टोंगन मुलगी वर्गात आहे हे लक्षात ठेवून मुद्दाम आकडे घालून दिले होते.

अडचण एकाची आणि दोनाची होती. त्यावर मालाकाईने एक अख्खी संध्याकाळ विचार केला आणि उत्तर काढलं: तीन जर सा, तर दोन आणि एक त्याच्या खालच्या पायऱ्या. याहून सरळ काय असणार? त्याने ती चाल गुणगुणून पाहिली. ती खाली खाली उतरायची, पाचापर्यंत कशीबशी चढायची आणि दमून पुन्हा एकावर येऊन बसायची. इतकी उदास चाल त्याने आयुष्यात ऐकली नव्हती.

"बाबा," लाविनिया कागदावर वाकून म्हणाली, "इथे ठिपका वर जातो. मग आपण खाली का जातोय?"

"ठिपके यंत्राने छापलेले असतात," मालाकाई म्हणाला. "आकडे माणसाने हाताने लिहिलेत. कुणावर विश्वास ठेवायचा?"

लाविनियाने ठिपका सोडला आणि आकडा धरला. बाप तीस वर्षं मास्तर होता आणि ती सात आठवड्यांची विद्यार्थिनी.

शाळेने कागदांसोबत एक प्रतिज्ञापत्रही धाडलं होतं. विद्यार्थ्याला घरी शांत खोली मिळेल, रोज वीस मिनिटं मिळतील, आणि त्या वेळात तो एकटा असेल, असं पालकाने सही करून द्यायचं. मालाकाई कौन्सिलचा माणूस. फॉर्मपुढे तो देवापुढे वाकतो तसा वाकायचा. त्याने तिन्ही चौकटींत खुणा केल्या, सही केली, आणि मग त्याला आठवलं की घरात नऊ माणसं आहेत आणि दार नीट लागतं असं एकच ठिकाण आहे. ते न्हाणीघर होतं.

न्हाणीघरात लाविनियाने पहिली ओळ सुरू केली. दुसऱ्या ओळीला ओफाने स्वयंपाकघरातून खालचा सूर धरला. तिने तो मुद्दाम धरला नव्हता, कांदा चिरता चिरता लागला. तिसऱ्या ओळीला ओफाच्या आईने मागच्या अंगणात वरचा धरला. चौथीला मालाकाई स्वतः घुमायला लागला, आणि मग भानावर येऊन ओरडला, "गप्प बसा सगळे! तिला एकटीने गायचंय!"

"कुणी विचारलंय तिला?" सासूबाई अंगणातून म्हणाल्या. "पोर आत एकटी गातेय आणि आम्ही काय दगड आहोत?"

त्यांचंही चुकत नव्हतं. टोंगन माणसाला एकटा सूर ऐकू आला की रस्त्यात एकटं मूल दिसल्यासारखं होतं. धावत जाऊन हात धरल्याशिवाय त्याला राहवत नाही. लाविनिया जन्मल्यापासून कधी एकटी गायलीच नव्हती. तिने तोंड उघडलं की दोन्ही बाजूंनी माणसं हजर. हात धरून चालण्यात ती तरबेज होती, आणि हात सोडून चालता येतं का, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

न्हाणीघर जमलं नाही म्हणून मोटार निघाली. फाटकाशी उभी, काचा बंद, आत मुलगी. मार्च महिन्याचं ऊन, आतमध्ये भट्टी. पाचव्या मिनिटाला सिमोते तिथून चालला होता. सिमोते म्हणजे वृंदातला खर्ज; देह दीड माणसाचा आणि आवाज अडीच माणसांचा. त्याने काचेवर टकटक केली, मागचं दार उघडलं, आत बसला आणि खर्ज लावला. मोटार एका बाजूला कलली.

"मास्तर," तो नंतर म्हणाला, "चाल काळजाला भिडते हो. पण पाचाच्या वर जातच नाही. सहा नाही, सात नाही. असं कसं?"

"सभ्य माणसाने केलेली चाल आहे," मालाकाई म्हणाला. "उगाच वर वर करत नाही."

सिमोतेला ते पटलं. त्याने ते पुढे सांगितलं. शुक्रवारच्या तालमीला अकराच्या अकरा जण म्हणाले की पोरीची चाल आम्हालाही द्या, आणि मालाकाईने फळ्यावर तिच्या खाली आणखी तीन ओळी रचून दिल्या. त्याच आठवड्यात चर्चमधले एक आजोबा एक्याण्णवाव्या वर्षी वारले. सिसिलियाने फर्मान काढलं की अंत्यविधीला तेच गाणं होईल. दोरीवरच्या चादरींचं गाणं अंत्यविधीला कसं चालेल, असं विचारायची ओफाची फार इच्छा होती.

"पांढऱ्या चादरी म्हणजे आत्मे," सिसिलियाने न विचारताच सांगितलं. "वारा म्हणजे पवित्र आत्मा. आणि ऊन कलायच्या आत येऊन घड्या कोण करणार, हे मी सांगायला हवं का?"

चारशे माणसं रडली. आजोबांशी ज्यांचं वीस वर्षं वाकडं होतं तेसुद्धा रडले. पलीकडच्या उपनगरातल्या चर्चचा मास्तर स्वतः उठून आला आणि आकडे मागून घेऊन गेला. मालाकाईने ते त्याला दिले, पण 'आमच्या शाळेकडून मिळालंय' हे सांगायला तो विसरला नाही. शाळेवरचा त्याचा राग बराच निवळला होता.

रोज संध्याकाळी मग तालीम मालाकाईच्या अंगणातच व्हायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी कचेरीत त्याच्या टेबलावर एक तक्रार आली: गोंगाट, रोज सहा ते साडेसात, पत्ता त्याचाच. तक्रार शेजारच्या बेव्हची होती. बेव्ह निवृत्त परिचारिका, एकटी राहायची, स्वभावाने चांगली. मागच्या वर्षी एका कुत्र्याबद्दल कौन्सिलात तक्रार कशी करायची, कुठला नंबर फिरवायचा, हे तिला कुंपणावरून मालाकाईनेच समजावलं होतं.

स्वतःच्या घरावरची तक्रार स्वतः हाताळायची नाही, असा नियम आहे. ती वरिष्ठाकडे द्यायची. वरिष्ठ रजेवर होते, आणि त्यांच्या जागी हंगामी वरिष्ठ म्हणून मालाकाई होता. त्याने स्वतःला 'प्रिय रहिवासी' असं पत्र लिहिलं, चौदा दिवसांची मुदत दिली, घरी गेल्यावर ते पत्रपेटीतून काढून ओफासमोर मोठ्याने वाचलं, उत्तर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत ते उत्तर त्याला असमाधानकारक वाटलं. त्या आठवड्यात तो स्वतःवर बराच चिडलेला होता.

"अहो, बेव्हबाईंना जाऊन भेटा की सरळ," ओफा म्हणाली.

तो गेला. बेव्हने त्याला केक दिला.

"गाण्याचं काही नाही रे, मॅल," ती म्हणाली. "गाणं मला आवडतं. पण तो जाडा माणूस खाली जातो ना, तेव्हा माझ्या कपाटातल्या बश्या सरकतात. त्याला जरा रस्त्याच्या पलीकडे उभा कर. आणि एक विचारू? त्या पोरीला एकटीला कधी गाऊ देणार आहात? दोन आठवडे झाले, मी वाट बघतेय. तिचा आवाज कसा आहे ते मला अजून कळलेलं नाही."

मालाकाईने केक संपवला. सिमोतेला त्याने रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. दुसरं काही केलं नाही.

परीक्षा गुरुवारी सकाळी दहाला होती. मालाकाईच्या मनात होतं की आपण, ओफा आणि लाविनिया जावं. पण टोंगन लोकांत एकाची परीक्षा ही एकाची नसते. फाटकाशी तीन मोटारी उभ्या राहिल्या. अकराच्या अकरा जण, कमरेला विणलेल्या चटया बांधून, चर्चला निघाल्यासारखे. सोबत खाण्याची भांडी. पुढच्या मोटारीत सिसिलिया.

शाळेच्या कचेरीत प्रत्येक पाहुण्याने वहीत नाव, वेळ आणि विद्यार्थ्याशी नातं लिहायचं, मग छातीवर चिकटवायला चिठ्ठी मिळते. सिमोतेने 'काका' लिहिलं. त्याच्या मागच्या दहा जणांनीही काका, मामा, मावशी असंच काहीबाही लिहिलं. सातव्या माणसाला चिठ्ठ्या संपल्या.

"एका विद्यार्थ्यामागे एकच पालक आत जाऊ शकतो," कारकून बाई म्हणाल्या. "पालक कोण?"

"मी," सिसिलिया म्हणाली.

"आणि हे?"

"हा नुसता बाप आहे."

मालाकाई स्वतः टेबलामागे बसणारा माणूस, त्याला त्या बाईंची दया आली. शेवटी वरून कुणाला तरी फोन झाला आणि सगळ्यांना संगीताच्या खोलीबाहेरच्या बोळात बाकांवर बसण्याची परवानगी मिळाली, बोलायचं नाही या अटीवर. अकरा जण भिंतीला लागून बसले. सिसिलिया मधल्या बाकावर, तिच्या शेजारी ओफा. मालाकाई रिवाजाप्रमाणे बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या नळाशी, लाविनियाजवळ उभा राहिला.

दहाला पाच कमी असताना एक म्हाताऱ्या बाई हातात नव्या प्रतींचा गठ्ठा घेऊन आल्या. या मिसेस पुलफर्ड, पियानोवर साथ करणाऱ्या. त्यांनी लाविनियाकडे पाहून हात पुढे केला.

"तुझी प्रत दे गं बाळ, ही बिनखुणांची घे. माझं चुकलं. कचेरीने माझीच प्रत झेरॉक्सला टाकली, आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणा सगळ्यांकडे गेल्या. मुलं वैतागली असतील."

"नाही हो," मालाकाई अदबीने म्हणाला. "त्या आकड्यांचा फार उपयोग झाला."

"कमाल आहे. तुम्हीही पियानो वाजवता?" त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. "संधिवात. बोटं आता ऐकत नाहीत माझं. म्हणून प्रत्येक सुरावर लिहून ठेवावं लागतं, कुठलं बोट ठेवायचं ते. एक म्हणजे अंगठा, पाच म्हणजे करंगळी."

त्यांनी प्रत बदलून दिली. मालाकाई आपल्या हाताकडे बघत राहिला. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. सहावं बोट नव्हतं. देवाने कुणालाच दिलेलं नव्हतं.

चारशे माणसं एका बाईच्या संधिवातावर रडली होती. पण ते नंतर. आत्ता त्याच्याजवळ चार मिनिटं होती. त्याला दोन वाटा दिसत होत्या आणि त्यातली एक फार सोयीची होती. गप्प राहायचं. पोर आत जाईल, ती चाल गाईल, नापास होईल, आणि बाहेर बसलेल्या बारा माणसांची खात्री पटेल की त्या मिस हार्टिगनला गाण्यातलं काही कळत नाही. मास्तर मास्तर राहील. बहिणीला काही कळणार नाही. हे सगळं त्याने नीट पाहून घेतलं, आणि आपण ते पाहून घेतलं याची त्याला इतकी लाज वाटली की नळ उघडून तो पाणी प्यायला.

"लाविनिया," तो म्हणाला, "ती चाल चुकीची आहे."

"कुठे?"

"सगळीच. ते आकडे बोटांचे होते. सुरांचे नव्हते."

लाविनियाने आकडे नसलेल्या नव्या कागदाकडे पाहिलं. "मग मी काय गाऊ?"

"कागदावर आहे ते."

"मला नीट वाचता येत नाही, बाबा."

"मला अजिबात येत नाही," मालाकाई म्हणाला. "कधीच येत नव्हतं. तू दहा आठवडे शिकलीस, म्हणजे दहा आठवड्यांनी माझ्या पुढे आहेस. ठिपका वर जातो असं तू म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. तू म्हणालीस तेच बरोबर होतं."

ती रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं. दोन्ही त्याने सोसलं असतं. ती नुसतं म्हणाली, "तुम्ही आत येऊ नका," आणि गेली. दार लागलं.

आतून पियानोचा एक सूर आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग लाविनियाचा आवाज. एक सूर, थांबली. दुसरा, तिसरा, थांबली, मागे आली, पुन्हा तिसरा. अंधाऱ्या जिन्यावर पायाने चाचपत चढावं तशी ती चढत होती. पण चढत होती. जिथे त्यांची चाल दमून बसायची तिथे ही सरळ वर गेली. उन्हातली, वाऱ्यावरची, अगदी खेळकर चाल होती ती. भिंतीला लागून बसलेल्या अकरा जणांनी सवयीने तोंडं उघडली, आणि त्यांना कळेना की जोडायचं कशाला. हे गाणं त्यांना माहीतच नव्हतं. अकरा तोंडं तशीच उघडी राहिली.

"चुकली!" सिसिलिया उठून उभी राहिली. सगळ्या बोळात ऐकू गेलं. "मालाकाई! पोर घाबरून चुकली! जा, त्या बाईला सांग, पुन्हा घ्यायला लाव!"

मालाकाई नळापासून चालत आला आणि बहिणीच्या समोर, भावाने जिथे कधी उभं राहू नये तिथे, उभा राहिला.

"ती नाही चुकली, ताई. ती बरोबर गातेय. चुकलो मी. मला ते लिखाण वाचता येत नाही. येतं असं तुला म्हणालो, ते खोटं होतं."

सिसिलियाने त्याच्याकडे पाहिलं. वृंदातल्या एकेकाने आपापल्या चपलांकडे पाहिलं. त्या बोळात तो क्षण फार लांब होता आणि मालाकाईला तो सबंध उभ्याने काढावा लागला.

"आणि आजोबा?" सिसिलियाने खालच्या आवाजात विचारलं. "आजोबांना आपण काय म्हणून निरोप दिला?"

मालाकाईने सांगितलं नाही. ते सांगण्याइतकं धैर्य त्याने त्या दिवसापुरतं संपवलं होतं.

आत पहिलं कडवं संपलं आणि दुसरं सुरू झालं. चाल तीच. आणि इथे घोटाळा झाला, कारण या लोकांना चाल एकदा कानावर पडली की पुरते. सिमोतेची छाती भरायला लागली. दोन बायकांनी डोळे मिटून मान हलवली; त्यांना वरचा सूर सापडला होता. दारापलीकडे मुलगी एकटी होती, आणि अकरा माणसं धावत जाऊन तिचा हात धरणारच होती.

मालाकाईने हात वर केला.

अकरा जणांनी श्वास घेतला. तीस वर्षांची सवय. त्यांचे डोळे त्या हातावर होते, आणि तो खाली आला की ते सुटणार होते. हात खाली आला नाही. आत लाविनिया एका जागी अडखळली. सिमोतेच्या गळ्यातून बारीक कळवळल्यासारखा आवाज आला. मालाकाईचा हात वरच राहिला. त्याला स्वतःलाच गायचं होतं, सगळ्यांत जास्त. तिचा आवाज त्याने या आधी कधी नुसता ऐकलाच नव्हता. बारीक होता, थोडा वरच्या बाजूला झुकणारा, आणि अडखळल्यावर मागे जाऊन नीट करणारा. अकरा जणांनी भरलेले श्वास हळूहळू, नाकाने, आवाज न करता सोडले. सिसिलिया खाली बसली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि तिचे डोळे वाहत होते.

लाविनिया शेवटच्या सुरापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

दार उघडून मिस हार्टिगन बाहेर आल्या. एवढी गर्दी पाहून दचकल्या. "तीनदा अडखळली," त्या म्हणाल्या. "पण वाचून गायली. माझ्या वर्गात राहील ती."

त्यांच्या मागून लाविनिया आली. तिचा चेहरा घामाने भिजला होता. तिने बाकांवरच्या एकेकाकडे पाहिलं.

"तुम्ही सगळे इथेच होता?" ती म्हणाली. "मला वाटलं, गेलात निघून. कुणाचाच आवाज नाही आला."

"इथेच होतो," मालाकाई म्हणाला. त्याचा हात अजून वरच होता. ओफा उठली आणि तिने तो धरून हळूच खाली आणला.